रोज शाळेत येणारी शेवंती

बाळांनो, शाळेत गेलात म्हणून तुम्हाला कधी कोणी ओवाळलंय का? नाही ना? मग नीट मांडी घालून ऐका.

एका जंगलात वडाखाली शाळा भरायची. टिटवीबाई शिकवायच्या. पण मोठी पोरं शाळेला कंटाळली होती. ती दिवसभर पाणवठ्यावर लोळायची आणि माशा मोजायची. मोजायला शाळेतच शिकली होती, ती गोष्ट वेगळी.

एकदा वाघोबा वर्ग पाहून गेले. जाताना म्हणाले, "बाई, निम्मी सावली रिकामीच आहे. वर्ग भरत नसेल, तर इथे मी झोपायला येईन."

बाई घाबरल्या. तशाच पाणवठ्यावर गेल्या. तिथे ढवळू नावाचा तरस पाय पसरून पडला होता.

"ढवळू, बाळा, शाळेत का रे येत नाहीस?"

"आलो काय नि नाही काय, कोणाला कळतंय? मागचा महिनाभर मी आलोच नाही. तरी तुम्ही आईला सांगितलंत, वर्गात फार शांत असतो हो."

बाईंनी अस्वलाला ढोल घेऊन बोलावलं. ढवळूला कुंकू लावलं, ओवाळलं, द्रोणभर करवंदं दिली आणि वाजतगाजत वर्गात नेलं. ढवळू लाजला, पण बसला. मग पाणवठ्यावरचं एकेक पोर असंच आलं. वर्ग भरला. वाघोबा दुसरं झाड शोधू लागले.

या वर्गात शेवंती होती. कासवाची मुलगी. अंधारात घरून निघायची, पण शाळा कधी चुकवायची नाही. तिने हात वर केला.

"बाई, मला कधी ओवाळणार?"

"तुला कशाला गं? तू तर रोज येतेस."

"मग माझं काय चुकलं?"

बाईंनी तिला फळा पुसायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी शेवंती आली नाही. बाई, अस्वल, ढोल, करवंदं, सगळं तिच्या डबक्याशी गेलं. शेवंती ऐटीत निघाली. ढोलालाही तिच्याच चालीने चालावं लागलं. शाळा सुटता सुटता मिरवणूक वर्गात पोचली.

रोज येणाऱ्या सशांनी, खारींनी आणि मुंगसांनी ती पाहिली. मग त्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत एकही पोर आलं नाही. टिटवीबाईही आल्या नाहीत. त्यांनाही आजवर कोणी ओवाळलं नव्हतं. त्या घरट्यात अंगावर पाला ओढून, ढोलाकडे कान लावून पडल्या होत्या. वडाखाली वाघोबा घोरत होते.

तात्पर्य: बाळांनो, शाळेत रोज जावं. मात्र ओवाळून घ्यायचं असेल, तर आधी काही दिवस जाऊ नये.