मयत राजाचं नाणं

आमच्या वरच्या मजल्यावरचे सबनीसकाका शुभकार्याला मयत राजाचं नाणं देतात. चेष्टा नाही! एका बाजूला राजाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला त्याच्या मरणाची तारीख. त्याला जाऊन पाचशे वर्षं झाली, म्हणून हल्ली चांदीत पुन्हा काढलंय. इथल्या, जर्मनीतल्या लुडविग्सहाफेनच्या केमिकल प्लांटमधून काका निवृत्त झाले आणि हे खूळ घेऊन बसले. लग्न असो, वास्तुशांत असो, तेच नाणं. वर आपल्यालाच दम, "गिफ्टकार्ड कसली देता रे? लाजा नाहीत?"

आमच्या लेकीच्या बारशाला त्यांनी ते थेट पाळण्यातच ठेवलं.

"ही तारीख कसली?" बाळंतपणासाठी साताऱ्याहून आलेल्या माझ्या सासूबाईंनी विचारलं.

"वारल्याची! गेनाऊ, अगदी बरोब्बर पाचशे वर्षं!" काका अभिमानाने म्हणाले.

पाहुणे जाईपर्यंत सासूबाईंनी कसाबसा दम धरला, मग भडकल्या. "अक्कल आहे का या माणसाला? तान्ह्या पोरीच्या उशाशी मरण?" मीही तापलोच होतो. नाणं घेऊन आम्ही दोघं जिना चढलो.

"काका, शोभतं का हे तुम्हाला?"

काका उसळले. "आल्झो... म्हणजे हे बघ, आधी समजून घे! इकडे राजा गेला की त्याचा मुलगा नाणी पाडायचा. बापाच्या नावानं लोकांत वाटायचा. अशुभ काय त्यात?"

"मग मुलानं वाटली ना? तुम्ही का वाटता?" सासूबाई कडाडल्या. "तुमचा कोण लागतो तो?"

काका खुर्चीत बसले.

"माझे वडील गेले तेव्हा पासपोर्ट व्हिसाच्या मुदतवाढीत अडकला होता," ते म्हणाले. "दहावं, तेरावं, सगळं भावानं केलं. मी इथे शिफ्टला. त्यांच्या नावानं माझ्या हातून कुणाला काही दिलंच गेलं नाही. हे नाणं दिसलं, म्हटलं..." नाणं परत घ्यायला त्यांनी हात पुढे केला.

सासूबाईंनी नाण्यावर मूठ मिटली. "अहो, आमच्याकडे देवळातल्या पंख्यावरसुद्धा स्मरणार्थ म्हणून नाव घालतात! तुम्हाला तोंडानं सांगता येईना? त्या राजाचं कसलं पुराण लावता?" आवाज अजून चढलेलाच होता. "नाव काय वडिलांचं?"

"रघुनाथ वामन सबनीस." काका ताठ उभे राहून म्हणाले.

खाली येऊन सासूबाईंनी नाणं पुन्हा पाळण्यात ठेवलं आणि झोपलेल्या नातीलाच दटावलं, "रघुनाथआजोबांनी दिलंय हो. हरवायचं नाही."