शेषराव अण्णांचे पन्नास

उन्हाळ्यात आमच्या उमापुरात माणसं घामानं निथळायची, आणि शेजारच्या शेषराव अण्णांकडं कूलर कॉम्प्युटरकडं तोंड करून उभा असायचा. पाहुणा आला तरी वळायचा नाही. मी एकदा हळूच वळवला, तर अण्णा खवळले. "मास्तर, माणूस काय, लिंबाखाली बी बसल. ह्यानं कुठं बसावं?"

अण्णांनी जन्मभर विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी वायंडिंग करून दिल्या. पुण्यातल्या पोरानं लॅपटॉप घेतला आणि जुना कॉम्प्युटर गावी आणून टाकला. अण्णांनी त्याचं झाकण जे उघडलं, ते पुन्हा बसवलंच नाही.

"लई सोपं हाय," ते मला प्रोसेसरचा वेग समजावायचे. "शंभराला पंचेचाळीसनं गुणायचं, तेवढं हे पळतंय. आकडा वाढवला की अजून पळतंय. मला पन्नास पायजेल."

"पळवून जायचं कुठं, अण्णा?"

"शर्यतीचा बैल कुठं जातो? तरी लोक पळवत्यातच की!"

मी शाळेच्या वह्या तपासायला घरी निघालो.

पहिला प्रोसेसर त्यांनी आठ दिवसांत जाळला. कसा, ते ऐका. आमच्याकडं लाईट येते ती मरतुकडी, आणि कमी व्होल्टेजनं मोटारी जळतात हे अण्णांच्या हाडात भिनलेलं. मशीन अठ्ठेचाळीसला अडलं तसे ते म्हणाले, "ह्याला व्होल्टेज पुरंना झालंय," आणि सेटिंगमध्ये जाऊन मोटारीच्या अंदाजानं दणकून वाढवलं. वास आमच्या स्वयंपाकघरापर्यंत आला. "मोटारीचं शास्त्र ह्याला लागू न्हाई," असं सुतकी तोंडानं सांगून त्यांनी दुसरा मागवला. मग मात्र भाजीत मीठ घालावं तसं चिमटीचिमटीनं व्होल्टेज वाढवायला लागले. मशीन बंद पडलं की त्यालाच दटावायचे, "का रं बसलास? ऊठ!"

सकाळी दारात भेटले की म्हणायचे, "आज ब्याण्णव."

"बीपी?"

"न्हाई वो. त्याचा ताप!"

यमुनाकाकू ह्या सगळ्याला विटल्या होत्या. कॉम्प्युटरचे पंखे असे घोंघावायचे की चहा झाल्याचं सांगायला काकूंना बोंब मारावी लागायची. ती बोंब आमच्या घरात पोचायची, अण्णांना नाही. मग मीच भिंतीवर थापा मारायचो.

आणि एका दुपारी पन्नास टिकला. तासभर! अण्णांनी मला ओढत नेऊन आकडा दाखवला. नातू झाल्यासारखे पेढे वाटले त्या माणसानं.

पंधरा दिवसांत काकूंना लकव्याचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. हाताला हळूहळू जोर आला, पण आवाज कुजबुजीएवढाच फुटला. दर गुरुवारी दुपारी बीडच्या डॉक्टरबाई कॉम्प्युटरवरून त्यांच्याकडून शब्द म्हणून घेणार, असं ठरलं. पहिल्याच गुरुवारी पंख्यांनी काकूंचा आवाज गिळून टाकला. "मला काहीच ऐकू येत नाही," बाई म्हणाल्या. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी अण्णा पन्नासावरून खाली उतरायला लागले. चाळीस, तीस, वीस, सोळा. व्होल्टेजही कमी करत गेले. मशीन कोलमडलं की एक चिमूट वर, परत चालू. सोळावर ते गार पडलं, कूलरही बंद करता आला, आणि पंखे असे हळू फिरायला लागले की त्यांची पाती मोजता यावीत.

"पन्नासाचं वाईट वाटत असंल ना?" मी विचारलं.

"मास्तर, तुमी बी कायबी विचारता. तिचं बोलणं मोठं का ह्याचं पळणं?"

मला माझीच लाज वाटली.

गेल्या गुरुवारी कॉम्प्युटरवर बाईंना कॉल लावून द्यायला मी तिथंच होतो. पाणी, ताट, गाय. काकू सावकाश म्हणत गेल्या. मग बाईंनी विचारलं, "नवऱ्याचं नाव काय?"

बाईंनी पुन्हा विचारलं. काकूंनी डाव्या हातानं पदर सावरला आणि खाली बघितलं. "नाव आठवत नाही," असं पुटपुटत बाई कागदावर लिहायला लागल्या.

अण्णा उसळले. "बाई, खोडा ते! समदं ध्यानात हाय तिच्या. लग्नात उखाण्यात घेतलं, त्यावर आजपातूर घेतलं न्हाई. आमच्यात बायका न्हाईत घेत!"

बाई हसल्या. "बरं, मग राहू दे ते नाव."

पण काकू अण्णांकडं बघत होत्या. त्यांचे ओठ हलले. अण्णा खुर्चीतून अर्धे उठले आणि तसेच थांबले. मग खांद्यावरचा टॉवेल तोंडाला लावून लहान पोरासारखे हमसून रडले.

जरा सावरल्यावर त्यांनी माझा दंड धरला. "मास्तर, तुमी बी ऐकलं न्हवं?"

खरं सांगतो, मला नुसते ओठ दिसले होते.

"ऐकलं की, अण्णा," मी म्हणालो. "चांगलं स्पष्ट ऐकलं."