रुमालाखालची तोफ

गडावरची तोफ दर गुरुवारी आपल्या पायांनी रातवडच्या बाजाराला येते, एवढी गोष्ट या कथेच्या तिन्ही ज्ञात पाठांत समान आहे. घाटावरच्या पाठात ती कांद्यांच्या राशीपाशी उभी राहते, खाडीकाठच्या पाठात मासळीपाशी. येथे घेतलेल्या पाठात ती तेलाच्या डब्यांपाशी उभी राहते, आणि कथेचा आशय पाहता तेच मूळ स्थान असावे. ती काही विकत घेत नाही.

डबे तुळाजी मोकलचे असत. त्याच्या परड्यातल्या विहिरीला पाण्याऐवजी जळाऊ तेल लागले होते. त्याच्या आजोबांशी गडाने करार केला: विहिरीची राखण तोफ करील, तेल मात्र गडाच्या चकतीवरच विकायचे. चकती कथलाची असे आणि ती गडच पाडी. तेल सगळ्यांनाच लागत असल्यामुळे सगळ्यांना आधी चकती लागे, आणि चकतीसाठी तांदूळ, मडकी, मासळी गडावर चढे. या व्यवस्थेला कोणी नाव दिले नव्हते. तोफ उभी असे, तेवढे पुरे.

त्या वर्षी गडाची कोठारे भरली आणि गडाने तांदूळ घेणे थांबवले. तुळाजीच्या थोरल्या बहिणीच्या, आवडाबाईच्या गावाकडे तांदूळच होता. चकती नाही म्हणून तेल नाही, आणि तेल नाही म्हणून पाणी उपसणारे इंजिन सहा दिवस बंद होते. बायका डबक्यातले पाणी गाळून पीत होत्या. तुळाजी स्वतः तिच्या ओटीवर जाऊन म्हणाला, "अक्का, गुरुवारी ये. रुमालाखाली सौदा करू. बारा पोती तांदूळ, बारा डबे तेल."

"आणि तोफ?"

"तोफेला हात कुठं आहेत?"

रातवडला भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि बोटे दाबून ठरवायचे. रुमालाखाली जो असेल तो सौद्यातला, आणि जो आधी हात काढील त्याने सौदा मोडला. तुळाजीचा सगळा भरवसा या रिवाजावर होता.

गुरुवारी आवडाबाईने आपला रुमाल टाकला. तुळाजीने तिचे बोट धरले. "लहानपणी चिंचासुद्धा मोजून द्यायचास," ती हसून म्हणाली. एवढ्यात रुमालाची दुसरी कड उचलली गेली आणि तुळाजीच्या मनगटाला काहीतरी गार, गोल टेकले.

तोफेबरोबर छत्री धरून चालणारे कारकून चिटकुले अदबीने म्हणाले, "चालू द्या, तुळाजीराव. तिला काही म्हणायचं नाही. भाव काय चाललाय, तेवढं जाणून घेते आहे."

"हा आमच्या घरातला सौदा आहे, कारकूनसाहेब."

"म्हणून तर ती बोलत नाही."

रुमालाखालच्याला भाव कळवणे भाग होते. एक हात बहिणीच्या हातात ठेवून तुळाजीने दुसरा तोफेच्या तोंडात घातला. आत वाळलेले गवत होते. गवताची वाटी होती, आणि वाटीत चार लहान, उबदार अंडी. साळुंकीची असावीत. त्याने बोटे आणखी आत नेली. मागेही गवतच होते, जुने, दाबून बसलेले, कित्येक विणींचे. ही तोफ त्याच्या हयातीत उडाली नव्हती. त्याच्या बापाच्याही नसावी. तरी विहीर आजवर राखली होती ती हिनेच.

"तुळ्या, हात काढू नकोस," आवडाबाई हळूच म्हणाली. "पोरं जुलाबानं पडलीत रे."

चिटकुल्यांनी छत्री दुसऱ्या हातात घेतली.

तुळाजीने दोन्ही हात काढले.

"डब्याला तीन चकत्या," तो मोठ्याने म्हणाला. भाव तोंडाने बोललेला रातवडला तो पहिलाच.

आवडाबाईने रुमालाची घडी घालायला घेतली. तिची नजर त्याच्या हातावर गेली. "बोटांना काय लागलंय तुझ्या?"

"काही नाही, अक्का."

"गवत दिसतंय."

"इथलंच असेल. खालचं."

तिने तोफेकडे पाहिले, मग भावाकडे. रुमाल त्याच्या डब्यावर ठेवून तिने बैल जुंपले आणि बारा पोती होती तशी परत नेली. गाडीला वाट मिळावी म्हणून तोफ दोन पावले मागे सरली.

पुढच्या गुरुवारी तोफ आली तेव्हा तिच्या तोंडातून चिवचिव ऐकू येत होती. तुळाजी उठला, बहिणीचा रुमाल त्याने झटकला, आणि पिले कोणाला दिसू नयेत अशा बेताने, सैलसर, तोफेच्या तोंडावर बांधला. मग तो डब्यांपाशी येऊन बसला.