बटन हाताच्या घरी

वासुदेवभाऊंच्या घराची बेल गुडघ्यानं वाजवावी लागते. नवीन माणूस चौकटीवर हात फिरवून थकतो आणि शेवटी कडी वाजवतो. मग आतून आवाज येतो, "खाली पाहा, खाली. घुटन्यापाशी." याचं कारण ते कोणालाही, न विचारता सांगतात. बाजारातून आलेल्या माणसाच्या दोन्ही हातांत पिशव्या असतात. बेलसाठी पिशवी खाली ठेवली की वांगी नालीत जातात. गुडघा मात्र रिकामा असतो.

"बटन हाताच्या घरी आलं पाह्यजे. हात काऊन बटनाच्या घरी जाईन?" हे त्यांचं ब्रीदवाक्य. पण भाऊ, गुडघा म्हणजे हात आहे का, असं मी एकदा विचारलं. "ज्याले फुरसत आहे, तो हात," त्यांनी निकाल दिला.

सिंदेवाहीत त्यांच्या घरासमोरच माझं झेरॉक्सचं दुकान आहे. त्यामुळे हा माणूस मला रोज दिसतो, आणि दिसला नाही तर ऐकू येतो. आयुष्यभर ते राइस मिलमध्ये ऑपरेटर होते. आता घरी एकटेच. बायको वारली, मुलगी गडचिरोलीला दिली. हाताखाली मिल राहिली नाही, म्हणून जे सापडेल त्याची बटनं हलवत बसतात. टीव्हीच्या रिमोटवर चिकटपट्टी लावून त्यांनी चारच बटनं उघडी ठेवली आहेत. "बाकीचे कंपनीच्या कामाचे, आपल्या नाई." स्कूटरचा हॉर्न त्यांनी डाव्या पायाखाली नेला. आमचे हे एकदा ती स्कूटर मागून घेऊन गेले आणि पाय ठेवायला दुसरी जागा नसल्यामुळे बसस्टँडपर्यंत हॉर्न वाजवतच गेले.

हसायला ठीक आहे, पण एक गोष्ट सांगितली पाहिजे. मिलमध्ये असताना त्यांनी मशीन बंद करायचं बटन भिंतीवरून काढून स्वतःच्या कमरेच्या उंचीवर आणलं होतं. मालक चिडला होता. पुढं एका हमालाचा दुपट्टा मशीनच्या पट्ट्यात अडकला. वासुदेवभाऊंचे दोन्ही हात धानाच्या पोत्यात होते. त्यांनी कंबर हाणली आणि मशीन थांबलं. दुपट्टा गेला, हमाल राहिला. त्यानंतर मालकानं त्यांना कधी काही विचारलं नाही.

आता माझी भानगड सांगते. रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत दुकानात कुत्रंही फिरकत नाही. सगळा गाव चिखलात असतो. अशा दुपारी मी काउंटरच्या आड कॉम्प्युटरवर गेम खेळते. वय पस्तीस, दोन लेकरांची आई, आणि मला त्याची लाज वाटत नाही. त्या वर्षी एक नवा मारामारीचा गेम येणार होता. अजून बाजारात यायचा होता, पण कंपनीनं चाखायला म्हणून पहिला तुकडा फुकट दिला होता. त्यात एक माणूस भाला फेकून मोठ्या दगडी जनावराशी लढतो.

आधार कार्डाची झेरॉक्स काढायला आलेले वासुदेवभाऊ काउंटरवरून वाकून पाहू लागले.

"हा तं आपल्या जंगलातला गवा आहे. याले शिंगं कोनं जास्तीचे देल्ले?" मग त्यांची नजर माझ्या हातातल्या कंट्रोलरवर गेली. झेरॉक्स विसरले. "दाखव बरं इकडं. हे कोनाच्या हाताच्या मापानं बनवलं?"

त्या दिवसापासून माझ्या दुपारी गेल्या. ते रोज तीन वाजता यायचे आणि उजवा हात मांडीखाली दाबून खेळायचे. एकट्या डाव्या हातानं. गवा त्यांना असा तुडवायचा की मलाच बघवत नसे. दोन्ही हात धडधाकट असलेला माणूस हे का करतो, ते मला समजेना. मी विचारलं तर म्हणाले, "उजवा हात सुट्टीवर आहे."

गेममध्ये कंट्रोलचे तीन प्रकार दिले होते. तिन्हींमध्ये नेम धरायचा उजव्या अंगठ्यानं, भाला फेकायचा उजव्या बोटानं, आणि पळायचं असेल तर डावं बटन दाबूनच ठेवायचं. बटनांच्या जागा आपल्या मर्जीनं बदलायची सोय कुठंच नव्हती. वासुदेवभाऊंना हा सरळ अन्याय वाटला. एके दिवशी ते चंद्रपूरला जाऊन आले. तिथल्या गेमच्या दुकानात त्यांनी सगळी खोकी उघडायला लावली. डाव्या हाताचा कंट्रोलर कुणाला पाहिजे, असं दुकानदारानं विचारलं. "डाव्या हाताले," म्हणाले आणि रिकामे परत आले.

शेवटी मी वैतागले. "भाऊ, खरं सांगा. हा उजवा हात नेमका कोणाचा आहे?"

ते माऊसची वायर सरळ करू लागले. "मारोतीचा," म्हणाले.

मारोतीभाऊंना गावात कोण ओळखत नाही? ते ढिवर, पिढीजात मासेमार; मोठ्या तलावावर फेकजाळं टाकावं तर त्यांनीच. जाळं हवेत असं गोल उघडायचं की पारावरचे लोक बोलणं थांबवायचे. लहानपणापासून डोंग्यात दोघंच असत. वासुदेवभाऊ वल्हं मारणार, मारोतीभाऊ जाळं फेकणार. मिलची पाळी सुरू व्हायच्या आधी रोज सकाळी. गेल्या वर्षी मारोतीभाऊंना लकवा झाला. तोंड सुधारलं, पाय थोडा सुधारला, उजवा हात मात्र गेला तो गेलाच. तेव्हापासून ते खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडलेले असतात. घर तलावाच्या काठावर आहे, पण तलावाकडं बघत नाहीत.

"जेवते, झोपते, बोलत नाई," वासुदेवभाऊ म्हणाले. "मी जातो तं म्हनते, कायले आला? मले त्याच्या हातात काई तं द्यायचं आहे, बाई. हा गेमवाला भाला फेकते. मारोतीबी फेकतच होता."

मी गेम बंद केला. मग कंपनीच्या साइटवर सूचना पाठवायचा रकाना होता, तो उघडला. वासुदेवभाऊंनी उभं राहून मजकूर सांगितला, मी तो जमेल तसा इंग्रजीत केला. "ल्ही. तुमचा गेम चांगला आहे. गवा चांगला आहे. पन बटन कुठी ठेवाचं, ते तुमी ठरवून राह्यले. तुमाले आमचे हात मालूम आहे का? सगळे बटन मोकळे करा. पळासाठी दाबून ठेवा लागते, ते एकदा दाबलं की चालू राह्यलं पाह्यजे. अन नेम गेमनंच धरला पाह्यजे. फेकनारा फेकन." यासोबत त्यांना सुकवलेले झिंगे पाठवायचे होते. ते यातून जात नाहीत, हे पटवायला मला अर्धा तास लागला.

दुसऱ्या मिनिटाला आभाराचं उत्तर आलं. असं उत्तर मशीनच पाठवते, पण मी बोलले नाही. त्यांनी त्याची प्रिंट काढायला लावली आणि वर लॅमिनेशनही.

धान कापणीला आला तेव्हा गेमची तारीख जाहीर झाली. सोबत नव्या सोयींची यादी होती. मी ती मोठ्यानं वाचू लागले. प्रत्येक बटनाची जागा बदलता येईल. दाबून ठेवायच्या जागी एकदाच दाबता येईल. नेम आपोआप धरता येईल. जगभरातून अशी कितीतरी पत्रं गेली असतील, हे मला कळत होतं. वासुदेवभाऊंना कळत नव्हतं, आणि मीही सांगणार नव्हते. त्या संध्याकाळी त्यांनी गल्लीत घरटी उकडलेले शिंगाडे वाटले. "कंपनीनं आपलं ऐकलं," एवढंच सांगत फिरले.

पुढचे दिवस ते सोल्डर घेऊन बसले. माझा जुना कंट्रोलर उघडून त्यातून वायरी बाहेर काढल्या. चालायची दांडी आणि पळायचं बटन डाव्या हाताला दिलं. ढाल आणि उडी एका फळीवर, डाव्या पायाखाली. राहिलं भाला फेकायचं बटन. त्याला बोट उरलं नव्हतं, आणि नेमकी वेळ साधणं पायाचं काम नव्हतं.

"ढिवराले तीन हात असते," वासुदेवभाऊ म्हणाले. "तिसरा दातात."

फेकजाळं टाकणारा माणूस जाळ्याची एक कड दातांत धरतो, हे मी लहानपणापासून बघत आले होते. डोक्यात मात्र आलं नव्हतं. त्यांनी एक छोटं बटन स्वच्छ रबरी नळीत घालून घट्ट बांधलं. चावलं की भाला सुटणार.

गेम आला त्या दुपारी आम्ही माझा कॉम्प्युटर ऑटोत घालून मारोतीभाऊंच्या घरी नेला. वासुदेवभाऊंनी तो मुद्दाम तलावाकडच्या खिडकीपाशी मांडला. मारोतीभाऊंच्या बायकोनं, जनाबाईंनी, खाट फिरवली. गवा दिसला तेव्हा मारोतीभाऊ उठून बसले.

आणि हरले. एकदा, दोनदा, दहादा. भाला दर वेळी आधीच सुटून जायचा. गवा अजून लांब असायचा, भाला मातीत. संध्याकाळी त्यांनी नळी तोंडातून काढून खाटेवर टाकली. बोलणं जड झालं होतं, तरी शब्द कळले. "ने हे. माह्या कामाचं नाई." आणि पुन्हा भिंतीकडं वळले. जनाबाई पदर डोळ्याला लावून आत गेल्या. मला वाटलं, आपण भलतंच केलं. निजलेल्या माणसाला उठवून पुन्हा पाडलं.

परतताना वासुदेवभाऊ तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर थांबले. दुसराच कोणी ढिवर काठावरून जाळं फेकत होता. ते बघत राहिले आणि अचानक स्वतःच्या कपाळावर हात मारला.

"मीच बैल आहे. बाई, पाह्य त्याच्याकडं. दातात धरते तवा जाळं जाते का?"

"नाही."

"कवा जाते?"

मी पाहिलं. त्या माणसानं दात सोडले आणि जाळं गेलं.

साठ वर्षं ज्यानं नेम धरताना दात आवळले आणि फेकताना सोडले, त्याला आम्ही फेकायला चावायला सांगत होतो. दात आवळून तो गवा जवळ यायची वाट बघत होता आणि भाला बिचारा तेव्हाच निघून जात होता. आता उलटं बटन पाहिजे होतं. दाबलेलं असताना गप्प, सोडलं की चालू. असं बटन सिंदेवाहीत कुठं मिळणार, असं मी म्हणेपर्यंत वासुदेवभाऊ घरी पोचले होते. फ्रिजचा दरवाजा उघडला की दिवा लागतो. तेच बटन. त्यांनी ते आपल्या फ्रिजमधून उपटलं. अजूनही त्यांच्या फ्रिजमध्ये अंधारात चाचपडून दही शोधावं लागतं.

दुसऱ्या दिवशी मारोतीभाऊ तयारच होईनात. वासुदेवभाऊंनी नळी त्यांच्या हातात दिली. "दातात धर. अन जाळं सोडते तसा सोड. मी मागं बसलो आहे."

पहिलाच भाला गव्याच्या डोळ्यात बसला.

मारोतीभाऊंचा चेहरा मला आयुष्यभर आठवेल. त्यांनी मान वळवून वासुदेवभाऊंकडं पाहिलं, मग पुन्हा पडद्याकडं. दुसरा भाला बसला, तिसरा बसला. दात आवळायचे, थांबायचे, गवा अंगावर येऊ द्यायचे, आणि ऐन वेळी सोडायचे. दार माणसांनी भरलं. कोणीतरी तलावावरची पोरं बोलावून आणली, मागे उभे असलेले टाचा उंचावून बघू लागले. गवा मधेच गड्याला शिंगांवर घेऊन आपटायचा. मग मारोतीभाऊ नळी दातांतच धरून घोगऱ्या आवाजात म्हणायचे, "वासुदेवा, दवा." आणि गड्याची जखम भरायची. शेवटी गवा गुडघ्यावर आला. मारोतीभाऊ थांबले, सगळं घर थांबलं. त्यांनी दात सोडले.

गवा पडला तेव्हा ढिवर मोहल्ल्यात जो आवाज झाला तो बाजारापर्यंत गेला, असं नंतर मला लोकांनी सांगितलं. जनाबाई हसत होत्या आणि रडतही होत्या. मारोतीभाऊंनी डाव्या हातानं नळी तोंडातून काढली. खिडकीबाहेर तलाव होता. त्याच्याकडं बघत ते म्हणाले, "उद्या लवकर ये, वासुदेवा."

घरी येताना माझ्या डोक्यात एक गोष्ट घोळत होती. दवा द्यायचं बटन मारोतीभाऊंकडं नव्हतंच. त्याची लांब वायर खाटेमागं गेली होती आणि बटन वासुदेवभाऊंच्या मुठीत होतं. पूर्ण वेळ ते तेवढं एकच बटन धरून बसले होते. आणि पायाच्या फळीवर एक जागा रिकामी होती, ती मी स्वतः पाहिली होती.

"भाऊ, दवा द्यायचं बटनही त्यांच्या पायाला देता आलं असतं," मी म्हटलं. "बटन हाताच्या घरी, तुम्हीच म्हणता ना?"

वासुदेवभाऊंनी वायरीचं वेटोळं दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"देता आलं असतं," म्हणाले. "पन सगळेच बटन त्याच्या घरी गेले, तं मी कायले जाऊ त्याच्या घरी?"

दुसऱ्या दिवशी दुकान उघडत होते तेव्हा ते समोरून निघाले. खांद्यावर जुनं वल्हं टाकावं तशी ती लांब वायर गुंडाळून टाकली होती, आणि बटन शर्टाच्या वरच्या खिशात होतं.