हात लावून पाहा!

वानखडे सरांना नमस्कार केला, की ते आधी समोरच्याच्या शर्टाची बाही चिमटीत धरून चोळतात आणि मग नमस्कार घेतात. टेरिकॉट असलं तर तोंड वाकडं करतात. खादी असली तर चहा पाजतात.

चिखलीच्या आमच्या शाळेत ते चित्रकला शिकवायचे, मी मराठी. निवृत्तीनंतर आम्ही शेजारी झालो, हे माझं प्रारब्ध. सरांच्या मते चित्रात रंग दुय्यम, रेषा दुय्यम; खरा तो पोत. "डोये लबाड असते सर, हात लबाड नसते. हात लावून पाहा!" हे वाक्य अख्ख्या गावाला पाठ आहे. वर्गात ते मुलांना डोळे मिटायला लावून हातात सीताफळ देत आणि मग त्याचं चित्र काढायला सांगत. मुलं चाचपता चाचपता सीताफळ खाऊन टाकत आणि कागदावर नुसत्या बिया काढत. सर त्यांनाही पास करत.

माझ्या कंपाउंडच्या भिंतीला गिलावा झाला, त्या दुपारी ते 'फक्त पाहाले' आले. त्यांचा उजवा पंजा त्या भिंतीवर आजही आहे. हा कुणाचा शुभ हात, असं पाहुणे विचारतात. मी विषय बदलतो.

त्यांच्या चित्रांत रंगाबरोबर वाळू, भुसा, गोणपाटाचे तुकडे असं काय काय असायचं. एकदा त्यांनी शेताच्या चित्रावर डिंकाने ज्वारीचा कोंडा थापला आणि चित्र ओसरीवर वाळत ठेवलं. शेजारच्या बकरीने अर्धं शेत फस्त केलं. मी सांत्वनाला गेलो, तर स्वारी खुशीत!

"बकरीले खरं वाटलं सर! अजून काय पाह्यजे?"

"मंग आता तिलेच इकजा चित्र," आतून कौसल्यावहिनी म्हणाल्या. सरांना शोभेल अशीच बायको होती ती.

डोणगावच्या एका विहारासाठी त्यांनी बुद्धमूर्ती घडवली, तेव्हा चीवरावर स्वतःच्या बोटांच्या खुणा तशाच ठेवल्या. मूर्ती चकचकीत हवी, असं अध्यक्षांचं म्हणणं. सर म्हणाले, "गुळगुळीत मूर्तीवरून उजेड घसरून पडते. खरबडीत असली, का मुक्काम करते." अध्यक्ष संध्याकाळपर्यंत मूर्तीसमोर बसून राहिले आणि मग राहू द्या म्हणाले.

वहिनी गेल्या. त्यानंतर सर जरा गप्प झाले, पण लोकांच्या बाह्या चोळणं सुटलं नाही. गेल्या दिवाळीत त्यांचा मुलगा मिलिंद पुण्याहून आला आणि परसातली मातीची खोली पाडून तिथे बाथरूम बांधायचं त्याने ठरवलं. म्हाताऱ्या बापाला रात्री-अपरात्री लांब जावं लागू नये, इतकाच त्याचा हेतू. सरांनी जेवणच सोडलं.

"काका, तुमीच समजावा बाबाले," मिलिंद काकुळतीला आला. "ते काही ऐकूनच नाही राह्यले."

मी त्या खोलीत गेलो. सर खाटेवर बसले होते. समोरच्या भिंतीवर वहिनींच्या शेवटच्या सारवणाचे फराटे होते. चार-चार बोटांच्या कमानी, एकीवर एक. प्रत्येक कमानीत शेवटची रेघ जरा बाहेर पळत होती. वहिनींची करंगळी वाकडी होती. "वा! काय पोत आहे!" असं म्हणत मी सरांच्याच सवयीने हात पुढे केला.

"हात नका लावू!" सर ओरडले.

त्यांच्या तोंडून हे शब्द मी जन्मात पहिल्यांदा ऐकले. मग तेच ओशाळले. "माती झडते सर. हात लावला, का थोडी थोडी झडते. मी बी नाही लावत."

"मग प्लास्टरचा साचा काढून ठेवा ना."

"साच्यासंग सारीच निंघून येईन." ते भिंतीकडे वळले. "साऱ्या गावाले हात लावत हिंडलो. तिच्या गालावरून मात्र कधी हात नाही फिरवला. लाज वाटे. तिचा चेहरा मले डोयानंच ठाऊक हाय, अन् डोये लबाड असते. हाताचं म्हनून जे काही उरलं, थे एवढंच."

मी मागे वळलो, तर दारात मिलिंद उभा. त्याने डोळे पुसले आणि आत न येताच म्हणाला, "बाबा, बाथरूम समोरच्या अंगनात बांधू. चला, जेवून घ्या."

आता रोज सकाळी माझ्या खिडकीतून, त्या खोलीच्या उघड्या दारातून, सर दिसतात. ते भिंतीपुढे उभे राहतात, पंजा बोटभर अंतरावर धरतात आणि हवेतच त्या कमानींवरून फिरवतात, पार करंगळीच्या वाकड्या रेघेपर्यंत.

परवा माझं कंपाउंड रंगवायला माणूस आला होता. भिंतीवरचा पंजा पाहून म्हणाला, "हा खड्डा बुजवून टाकू का सर?"

मी म्हटलं, "त्याला हात लावू नको."