बाल्कनीतले शहाता उस्ताद

“आज सूर्य डोंगराआड जायच्या आत सांगते,” दौलत न्याहारीच्या टेबलावर नवऱ्याला म्हणाली. “तुमच्याबरोबर केनाला परत यायचं, की नजाहकडे कैरोला जाऊन राहायचं.”

शहाता उस्ताद उकडलेलं अंडं सोलत राहिले. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून त्यांनी बोलणंही सोडल्यासारखंच होतं. लेकीनं, नजाहनं, हौसेनं दोघांना लाल समुद्रावर हुरगाडाला पाठवलं, तर इथंही ते आल्यापासून बाल्कनीतच होते. खोलीकडे पाठ, डोक्याला शाल, डोळ्यांवर काळा चष्मा. उशिरा येणाऱ्या गाडीची वाट बघावी, तसे समुद्राकडे बघत बसायचे.

“ऐकलंत का?”

“हूं.”

“भिंतीशी बोललं तर निदान आवाज तरी घुमतो!” असं म्हणून दौलत एकटीच काचेच्या तळाच्या होडीतून प्रवाळ बघायला गेली. काचेतून नीट दिसेना म्हणून ती काठावरून वाकली आणि तिचा जाड भिंगांचा चष्मा पाण्यात गेला. एक पट्ट्यापट्ट्यांचा मासा त्याच्याभोवती फिरला आणि दोघेही दिसेनासे झाले.

इकडे उस्तादांना बाल्कनीत करमेना. अंगातली पायघोळ गलाबिया, शाल आणि काळा चष्मा पलंगावर टाकून, शर्ट-पँट चढवून ते दहारच्या जुन्या बाजारात गेले. दौलतला आवडतात म्हणून भाजलेल्या टरबुजाच्या बिया घेतल्या. ‘ये माझ्याबरोबर’ एवढंच म्हणायचं होतं. पण रस्ताभर ते वाक्य ओठांशी येऊन परत जात होतं.

परतेपर्यंत सूर्य वाळवंटातल्या डोंगरांना टेकला होता. हंगाम संपलेला. किनाऱ्यावर मिटून बांधलेल्या पांढऱ्या छत्र्या कफनात उभ्या केल्यासारख्या दिसत होत्या. उस्तादांनी सहज वर पाहिलं.

आपल्या बाल्कनीत ते स्वतःच बसलेले होते.

तीच तपकिरी गलाबिया, तीच शाल, तोच काळा चष्मा. समोर दौलत त्यांना चहा ठेवत होती. ती बोलत होती, ओढणीचं टोक डोळ्यांना लावत होती, मध्येच हसत होती. तिला हसताना त्यांनी कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. मग तिनं त्या शहाताच्या खांद्यावर हात ठेवला.

हा तर करीन! प्रत्येक माणसाबरोबर जन्मणारा, त्याच्याच चेहऱ्याचा अदृश्य सोबती. गावातल्या म्हाताऱ्या सांगायच्या, करीन डोळ्यांना दिसला की समजावं, तो आता जागा मागायला आलाय.

ते धापा टाकत हॉटेलात शिरले. काउंटरवर संध्याकाळच्या पाळीची नवी बाई होती.

“माझ्या खोलीत कोण आहे ते विचारा. मी शहाता.”

बाईनं फोन लावला. “मॅडम, शहाता साहेब खोलीत आहेत का?... बरं... बरं.” तिनं फोन ठेवला आणि उस्तादांकडे जरा निरखून पाहिलं. “साहेब बाल्कनीत बसलेत. बाईसाहेब म्हणाल्या, आज पहिल्यांदा नीट ऐकून घेतायत, मध्ये कुणी येऊ नका. तुम्ही कोण?”

“मी... मीच तो.”

“ओळखपत्र?”

“ते गलाबियाच्या खिशात आहे.”

“आणि गलाबिया?”

“त्यानं घातलीय.”

बाई पुटपुटत अल्लाचं नाव घेऊ लागली. तेवढ्यात उस्ताद जिन्यानं वर पळाले.

दाराला कान लावला. आत दौलतचा आवाज इतका मऊ होता की त्यांना आधी ओळखूच आला नाही. “...बघा, सगळं सांगून झालं. मन मोकळं झालं. आता माझं उत्तर ऐका. मी ठरवलंय, की—”

वाऱ्यानं बाल्कनीचं दार धाडकन आपटलं. पुढचं काही ऐकू आलं नाही.

“दौलत!” त्यांनी दार बडवलं. “अगं, काय ठरवलंस?”

“कोण आहे?”

“मी, शहाता!”

आतून घाबरलेला आवाज आला, “ते इथं बसलेत. तू कोण?”

“अगं, तुझा नवरा बोलतोय!”

“माझा नवरा बोलत नाही!” दौलत ओरडली आणि मोठमोठ्यानं दुवा म्हणू लागली.

आरडाओरडा ऐकून खोल्या झाडणारा राफत किल्ल्यांचा जुडगा घेऊन आला. त्यानं दार उघडलं, बाल्कनीत जाऊन त्या शहाताची शाल सोडली. आत गुंडाळलेले टॉवेल निघाले. गलाबियाच्या पोटात उशी होती.

“पाहुण्यांना हसवायला आम्ही असे बाहुले करतो, उस्ताद,” तो ओशाळून म्हणाला. “कुणाच्या टॉवेलचा हंस, कुणाच्या कपड्यांचा माणूस.” मग तो थबकला. “पण मी तर ह्याला पलंगावर बसवला होता. मांडीवर टीव्हीचा रिमोट देऊन.”

“मी आले तेव्हा ते इथंच होते,” दौलत म्हणाली.

राफतनं शाल घाईघाईनं पुन्हा होती तशी गुंडाळली आणि पाठ न दाखवता तो खोलीबाहेर गेला.

उस्तादांनी बियांची पुडी पुढे केली. “ये माझ्याबरोबर,” ते एकदाचे म्हणाले. “काय ठरवलंस, दौलत?”

तिनं डोळे बारीक करून आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग बाल्कनीकडे. “सांगून झालं. अख्खा जन्म एकाच संध्याकाळी दोनदा सांगवत नाही हो. त्यांना विचारा.” ती आत जाऊन बॅग भरू लागली.

बाहेर समुद्र काळा झाला होता. उस्ताद बाहुल्यासमोर बसले. मागे कुणी नाही ना, ते पाहिलं. घसा साफ केला.

“काय म्हणाली?” त्यांनी हळूच विचारलं.

वाळवंटावरून वाऱ्याची झुळूक आली. गलाबियाची रिकामी बाही उचलली गेली आणि अलगद त्यांच्या गुडघ्यावर येऊन टेकली. पुरुषानं पुरुषाला धीर द्यावा, तशी. झुळूक गेली, तरी ती तिथंच राहिली.

“अहो,” आतून दौलतचा आवाज आला, “केनाच्या बसची तिकिटं सकाळी लवकर काढा. तीन.”