ज्यानं नाव नोंदवलं, त्यालेच

आमच्या शेजारचा दिगंबर हात मोडून आला, तरी मले सांगे ना. हाताले पलस्तर, गळ्यात पट्टा, अन् दारात उभा राहून मलेच विचारते, "काकू आहेत का?"

"हाताले काय झालं बे?"

"तुमचं नाव नोंदवेल नाही, काका."

मंग माझी बायको कौसा बाहेर आली, तसा हा घडाघडा बोलला, "काकू, उजवा हात. आधी साबूत, आता मोडेल." झालं. वळला अन् चालला.

चाळिशीचा गडी. घरात एकटाच. आमच्या पिंपळगाव राजा गावात बसून पुण्याच्या कंपनीचे प्रोग्राम लिहिते. मी चौथी शिकेल माणूस, पण त्यानं मले शंभर खेपा सांगतलं. प्रोग्रामात एकएक वस्तू असते म्हणे. तिच्यात काही बदललं की तिनं गावभर बोंबलायचं नाही. ज्यानं आधी नाव नोंदवलं, त्यालेच कळवायचं: काय बदललं, आधी काय होतं, आता काय आहे. आधीचं अन् आताचं सारखंच असलं, तं चूप राहायचं.

हा शहाणा तसाच जगे. गल्लीत साऱ्याईले म्हणला, "माझ्यासाठी नाव नोंदवा." लोकं हासले. कौसा तेवढी म्हणाली, "टाक बापा माझं."

एक डाव हा असाच दारात आला. "काकू, सोयरीक. आधी जमेल, आता मोडेल," म्हणला अन् गेला. कौसा त्या दिवशी जेवली नाही. मी म्हणलो, "त्याले नाही रडू, तं तुले काऊन?"

पौषात कौसा गेली. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी हा दारात. माझ्याकडं पाह्यलंच नाही. आतल्या खोलीकडं पाहून म्हणते, "काकू, चष्मा. आधी दीड नंबर, आता दोन."

असं आठ दिवस चाललं. माझं डोकं फिरलं. काठी घेतली अन् त्याच्या घरी गेलो. नाव खोडल्याशिवाय आज हालतच नाही, म्हणलं.

"बाई मेली बे! खोड तिचं नाव!"

"खोडाच लागते, काका. गेलेल्याचं नाव ठेवलं की प्रोग्राम उगाच जड होते. हाताखालच्या कोणी ठेवलं असतं, तं मीच झापलं असतं त्याले."

"मंग?"

त्यानं कम्प्युटर माझ्याकडं फिरवला. यादी होती. यादीत नाव एकच.

"इथं दाबलं की जाते. माझ्याच्यानं होत नाही. तुम्ही दाबा."

म्या बोट उचललं. अक्षर अक्षर जुळवून वाचलं, कौसाकाकू. बोट तसंच राह्यलं.

"सरक तिकडं," म्हणलो. खुर्ची ओढून बसलो. "आज काय बदललं, ते बोल. आधी काय अन् आता काय, नीट सांग. घरी जाऊन मले तिले सांगा लागते."